राखेतले फलक

कॅनडातल्या आमच्या गल्लीत सध्या अंगणोअंगणी निवडणुकीचे फलक आहेत. रात्रभर वणव्याची राख पडली. सकाळी माझ्या घरमालकीण मार्थाबाई ओल्या फडक्याने आपल्या उमेदवाराचा चेहरा पुसत होत्या आणि कुंपणापलीकडे शेजारचे आजोबा विरोधी उमेदवाराचा.

"तापमानवाढ रोखायला लावलेल्या तुमच्या पेट्रोलवरच्या कराने विझली का आग?" बाई म्हणाल्या.

"तुमच्या लोकांना तर हा धूर अजून धुकंच वाटतोय!" आजोबांनी सुनावलं.

आमच्या घरातून कॉलेजात पोचलेली मी पहिलीच. शिकलेल्या देशात अशा वेळी तरी माणसं एकत्र उभी राहतील, असं मला वाटलं होतं. कदाचित माझं चुकत असेल. पण कुठल्या अंगणात शिरायचं हे वणवा फलक वाचून ठरवत नाही, एवढं तर कळायला हवं.

वणव्याजवळचं तिचं गाव रिकामं करायला लावल्यामुळे बाईंची बहीण आमच्याकडे राहायला आली आहे. ती दारात आली.

"माझं घर उरलंय का, कुणाला काही कळलं?"

दोघंही पुन्हा आपापला फलक पुसायला लागली.

"मग माझ्या गाडीची काच तरी पुसून द्या. रस्ता खुला असेल तिथवर जाऊन बघते," बहीण म्हणाली.

तेवढ्यात करावरून दोघांचं पुन्हा जुंपलं. मी बादली उचलली. पुसता पुसताच काचेवर नवी राख बसत होती.