भोकरदनकडचं गार घर

हवेची पारख असलेला माणूस अख्ख्या मोगलाईत एकच होता, आणि ते माझे चुलतसासरे होते. जालन्याच्या तहसील कचेरीत जन्मभर पेशकारी करून वजिफ्यावर, म्हणजे पेन्शनीवर, निघाल्यावर, माणसं काशीला जायची तयारी करतात त्या वयात, काका घरं बघत हिंडू लागले. जिथं उन्हाळा सौम्य आणि भाडं झेपेल इतकं, असं ठिकाण त्यांना हवं होतं. कारण काकू. ऊन तापलं की काकूंना धाप लागायची. मागच्या वैशाखात तर त्या चुलीपुढंच कोसळल्या होत्या. "पुढचा उन्हाळा इथं काढू नका," असं हकीमसाहेबांनी निक्षून सांगितलं होतं. महाबळेश्वर राहिलं इंग्रजी मुलखात, आणि तिथं राहणं पेशकाराच्या वजिफ्याचं काम नव्हतं.

घर बघायला जाताना काका पितळेच्या वाटीत तूप घेत. ऐन दुपारी ती वाटी रिकाम्या घराच्या मधोमध ठेवायची आणि समोर मांडी घालून बसायचं. तूप पातळच राहिलं की घर नापास. जावयाला नाही म्हणता येत नाही, म्हणून छत्री धरायला मी. बदनापूरचा एक घरमालक आपल्या माडीवरच्या वाऱ्याचं कौतुक सांगू लागला, तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "तुम्ही बोलून राह्यले, पर तूप काय म्हणतंय ते बघा की." नदीचा गारवा असेल म्हणून घनसावंगीकडं गेलो, तर वाटीत मुंगळे पोहू लागले. काकांनी तेवढ्यात मुंगळे पोहतात कसे हेही निरखून घेतलं.

शेवटी भोकरदनच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी एक एकटं दगडी घर मिळालं. भाडं ऐकून काकांनी "बराबर ऐकलं ना मी?" म्हणून पुन्हा विचारलं. मालक मात्र उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. बाहेर ऊन भाजत होतं. काकांनी वाटी ठेवली, आणि आमच्या डोळ्यांदेखत तूप काठाकडून पांढरं होत थिजत गेलं. माझ्या हातांवर काटा आला. त्याच वेळी आतल्या खोलीतून जात्याची घरघर ऐकू आली.

"आत कोण दळून राह्यलंय?" काकांनी विचारलं.

"कुणी न्हाई," मालक जमिनीकडं बघत म्हणाला. "जातं तर आम्ही कवाच उचलून नेलं."

मी छत्रीसकट अंगणात पोचलो होतो. मागून काकांचा आवाज आला, "बाईमाणूसच आहे ना? मंग आमच्या हिला सोबत होईल."

पुढच्या वैशाखात मी भीतभीतच तिकडं गेलो. भर दुपारी काकू शाल पांघरून बसल्या होत्या. चेहऱ्यावर तेज आलं होतं. मला बघताच त्यांनी रिकाम्या स्वयंपाकघराकडं मान वळवली. "जावईबापू आलेत गं," म्हणाल्या, आणि आतली घरघर थांबली. पाहुण्यासमोर घरातल्या बाईनं पदर सावरावा, तशी.

काका मला पाणी द्यायच्या निमित्तानं ओट्यावर घेऊन आले.

"काका, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते की. रोज वाटते," ते हळूच म्हणाले. "पर तिचा श्वास ऐका, जावईबापू. बिलकुल लागत न्हाई."

काकूंनी तिथं बरेच उन्हाळे सुखात काढले. मग एका सकाळी त्या उठल्याच नाहीत.

तेरावं झाल्यावर काकांना जालन्याला न्यायला मी थांबलो. दुपारी सामान बांधायला आत गेलो, तर घर भट्टीसारखं तापलेलं. भिंतीला हात लावून पाहिला, चटका बसला. कुठूनही आवाज नव्हता. बाहेर आलो, तर काका ओट्यावर भर उन्हात बसलेले, घाम पुसायचंही भान नसलेले.

"चला काका," मी म्हणालो.

ते उठले, उंबऱ्यापाशी गेले आणि बराच वेळ कान देऊन उभे राहिले.

"दोघी एकदमच गेल्या बघा," ते म्हणाले. "एक तरी राह्यली असती."