ताईच्या गाण्यासाठी तारेचे वेढे

आमचा रेडिओ महूच्या छावणीतून आला होता, विलायतेला परत चाललेल्या एका साहेबाच्या सामानातून. त्याला एकशे दहा व्होल्ट लागत आणि फ्रीगंजातल्या आमच्या घरात येत दोनशे वीस. म्हणून तो क्रोशाचा रुमाल पांघरून मुका बसला होता. कोणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं, कारण शेजाऱ्यांकडे बोलता रेडिओ होता.

मग मध्यभारत मोडून मध्यप्रदेश झाला, शेजाऱ्यांचं सरकारी दफ्तर भोपाळला गेलं आणि त्यांच्याबरोबर त्यांचा रेडिओही गेला. नेमकी तेव्हाच इंदूरला दिलेली माझी ताई रेडिओवर पहिल्यांदा गाणार होती. गाणं आईने शिकवलेलं. "माझ्या कानांनी ऐकायचंय मला," एवढंच आई म्हणाली. बाबांना मात्र आपल्या मुलीने गावभर ऐकू जाईल असं गाणं बिलकुल पसंत नव्हतं. ते ताईचं नावही काढत नव्हते. मला त्यांचा भयंकर राग आला होता.

मी इंटर सायन्सला होते. दोनशे वीसचे एकशे दहा करणारा ट्रान्सफॉर्मरच करायचा ठरवला. देवास गेटजवळच्या भंगारवाल्याकडून लोखंडी पत्र्यांची चौकट आणि वार्निश दिलेली तांब्याची तार आणली. पण वेढे मोजायला मला धीर कुठला! बाबा जन्मभर घरीच जानवी करत. चार बोटांवर सुताचे शहाण्णव वेढे घेताना त्यांचा आकडा कधी चुकला नाही. आईने तार त्यांच्या पुढ्यात ठेवली. ते मोजत गुंडाळू लागले.

दुसरी गुंडाळी जाड तारेची हवी होती. ती नव्हती, म्हणून मी तीन पदर एकत्र घ्यायला सांगितले.

काम झाल्यावर त्यांनी चष्मा वर केला. "अगं, या दोन गुंडाळ्या तर एकमेकींना चिकटलेल्याच नाहीत. करंट जाईल कुठून, हवेतून?"

"लोखंडातून चुंबकत्व जातं, बाबा. करंट उलटसुलट होतो तसं तेही होतं, आणि दुसऱ्या तारेत नवा करंट उठतो. तिथे वेढे निम्मे, तर व्होल्टही निम्मे."

"कमाल आहे," ते म्हणाले. मलाही ती कमालच वाटत होती, पुस्तकात वाचूनसुद्धा.

रेडिओ लावला. दिवा कसाबसा मिणमिणला, आवाज नाही. मी भंगारवाल्याच्या नावाने खडे फोडले. मग शंका आली.

"बाबा, दुसरी गुंडाळी मोजली कशी?"

"एका फेरीत तीन पदर, म्हणजे तीन वेढे. सूत एकेरीच मोजतात ना!"

जानव्याचा हिशोब! मी तर तिन्ही पदर टोकांशी एकत्र पिळले होते, त्यामुळे तीन मिळून वेढा एकच. व्होल्ट हवे होते त्याचा तिसरा हिस्सा. पुन्हा गुंडाळायला ना तार होती ना वेळ. आईचा चेहरा पाहवेना. पण पदर सुटे करून एकाचं शेवटचं टोक दुसऱ्याच्या सुरुवातीला जोडलं तर? करंट तिन्हींतून एकामागून एक फिरेल आणि बाबांचा आकडा खरा ठरेल! टोकं खरवडून बाबांनीच गाठी मारल्या.

रेडिओ बोलला. थोड्या वेळाने ताईचा आवाज आला आणि आई जागच्या जागी खाली बसली. पण आता सगळा भार एकेका बारीक तारेवर होता. वार्निश जळल्याचा वास सुटला. मी बटणाकडे हात नेला.

"राहू दे ना," आई कळवळून म्हणाली.

बाबांनी खुंटीवरचा पंखा काढला, ट्रान्सफॉर्मरसमोर मांडी घातली आणि त्याला वारा घालू लागले. माझा राग कुठल्या कुठे गेला.

"गाणं संपलं हो," आई डोळे पुसत म्हणाली.

बाबांचा हात थांबला नाही. "अजून एखादं म्हणेल," ते म्हणाले.