रसूलभाईंची रिकामी खोली

गुलाम रसूल यांना कुणी 'कसं चाललंय?' असं विचारलं, तर ते तोंडानं उत्तर देत नाहीत. समोर एखादी चाकाची खुर्ची उलटी ठेवलेली असते. तिचं चाक ते बोटानं जोरात फिरवतात आणि ते थांबेपर्यंत आपल्याकडे बघून हसतात. पहिल्यांदा मला वाटलं होतं, हा माणूस जरा सटक असावा. आता चौदा वर्षं झाली ओळखीला. आता खात्री आहे.

निलंग्याला बसस्टँडच्या मागं त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा त्यांनी एक चाकाची खुर्ची आणली. वडील गेले. गेलेल्या माणसाची काठी, खाट घरात ठेवायला आमच्याकडे बायका राजी नसतात, त्यांच्या पत्नी बानोभाभीही नव्हत्या. म्हणून खुर्ची दुकानात आली आणि आठवड्याभरात शेजारच्या वीरण्णानं ती आपल्या आईसाठी मागून नेली. ही बातमी गावात पसरली आणि मग घराघरांतून वस्तू यायला लागल्या. कुणाचं तेरावं झालं, कुणाचा चाळिसावा झाला, की नातेवाईक वॉकर, कुबड्या, लोखंडी पलंग, पाण्याची गादी घेऊन दारात हजर. रसूलभाई गंज खरवडत, रंग देत, चाक सरळ करत आणि ज्याला गरज असेल त्याला ती वस्तू नेऊ देत. वस्तू मावेनात तेव्हा शेजारची एक खोली भाड्यानं घेतली.

अनामत नाही, ओळखपत्र नाही. अट एकच. माणूस बरा झाला, तर वस्तू परत द्यायला त्यानं स्वतः, आपल्या पायांनी यायचं आणि रसूलभाईंच्या हातचा चहा प्यायचा. चहा अत्यंत वाईट असतो. तरी त्या चहासाठी औराद, औसा, पार किल्लारीपर्यंतची माणसं आलेली मी पाहिली आहेत.

मी व्यंकट, शाळेतला निवृत्त हेडक्लार्क. छत्तीस वर्षं कागदी घोडे नाचवले, त्यामुळे रिकामं बसवेना. मीच रसूलभाईंच्या मागं लागून संस्था नोंदवली, तिला 'सोबत रुग्णसेवा मंडळ' असं भारदस्त नाव दिलं आणि स्वतःला सचिव करून घेतलं. गाव अजून 'रसूलभाईची खोली' असंच म्हणतं, तो भाग वेगळा. लातूरच्या एका कार्यालयातून अनुदानही मी मिळवून आणलं. त्यातून खोलीचं भाडं निघायचं आणि वर्षाला दोन-तीन नवे पलंग यायचे. पलंगासाठी वाट बघणाऱ्यांची नावं रसूलभाई भिंतीवर खडूनं लिहून ठेवतात. ती भिंत मी कधी कोरी पाहिलेली नाही.

अनुदान म्हटलं की तपासणी आली. मार्चात एक, सप्टेंबरात एक. तपासणीच्या नमुन्यात पहिलाच प्रश्न होता, 'साहित्य केंद्रात प्रत्यक्ष आढळले काय?' आता गंमत बघा. आमचं साहित्य लोकांच्या घरी. खोलीत एक पंप, दोन पाने आणि जोडीदार हरवलेली एक कुबडी. उलट दुसऱ्या एका तालुक्यातली संस्था मी पाहिली आहे. तिथं खुर्च्यांवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. ओळीनं मांडलेल्या, रोज पुसलेल्या. त्यांना दर वेळी पहिला क्रमांक.

एका मार्चात आम्हाला लेखी ताकीद आली: साहित्य आढळले नाही, तर यादीतून नाव कमी. तेव्हा मी माझी अक्कल पाजळली. म्हटलं, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. सगळ्या वस्तू गोळा करू, संध्याकाळी परत देऊ. रसूलभाई तयार नव्हते. मी भिंतीवरची नावं दाखवली, म्हटलं, अनुदान गेलं तर यांना काय सांगणार? त्यांनी नाइलाजानं मान हलवली. दोन टेम्पो केले, पहाटेपासून फिरलो. खोली गच्च भरली. साहेब आले, मोजून गेले, 'समाधानकारक' असा शेरा मिळाला. मला तर वाटलं, गड जिंकला.

संध्याकाळी शेवटचा पलंग किल्लारीला कावेरीबाईंकडे पोचवायचा होता. साठी ओलांडलेली बाई, अंगणात पडून खुब्याचं हाड मोडलेलं. हृदय अशक्त म्हणून डॉक्टर ऑपरेशनला थांबा म्हणत होते. दिवसभर त्या फरशीवर सतरंजी टाकून पडल्या होत्या. कूस बदलता येत नव्हती. सून, राजकन्या तिचं नाव, तोंड फिरवून उभी होती. आम्ही पलंग आत घेतला तसं कावेरीबाईंनी विचारलं, "झाली का बाबा तपासणी? पास झाले न्हवं?"

रसूलभाई वाकून पलंगाचे पाय नीट टेकवायला लागले. पुढं पंधरा दिवस त्यांनी मला चहा दिला नाही. त्यांचा चहा बंद झाला म्हणून माणूस दुःखी होऊ शकतो, हे मला तेव्हा कळलं.

सप्टेंबर आला. तपासणीचं पत्र घेऊन मी गेलो, तर रसूलभाई ब्रेकची तार ओढत होते.

"एक बी वस्तू हलणार न्हाई," ते म्हणाले.

"अहो, अनुदान जाईल."

"जाऊ द्या."

"आणि भिंतीवरची नावं? अकरा आहेत."

त्यांनी भिंतीकडे पाहिलं. त्यांना ते लागलं, हे मला दिसलं. पण म्हणाले, "व्यंकटराव, त्या अकरा जणांसाठी बी पुढल्या वेळी पलंग काढूनच आणायचा हाय का? खोली भरलेली हाय म्हंजे काम बंद हाय. तुमच्या कागदाला एवढं बी समजंना?"

कागद माझा नव्हता, पण छत्तीस वर्षांच्या सवयीनं मला तो माझाच वाटला. मी रागावून घरी आलो.

तपासणीला या वेळी नव्या अधिकारी आल्या, बबिता मॅडम. तिशीच्या असतील. खोलीत शिरल्या, चार भिंती बघितल्या, कुबडी बघितली आणि पहिल्या प्रश्नापुढं 'नाही' लिहिलं. मी 'उपरोक्त विषयास अनुसरून' असं काहीतरी तोंडानं बोलायला लागलो. रसूलभाईंनी हात पुसले.

"मॅडम, सामान बघायचं हाय न्हवं? तुमच्या जीपमधी जागा हाय का?"

ते ड्रायव्हरशेजारी बसले आणि रस्ता दाखवायला लागले. पेठेत एक खुर्ची, दर्ग्यामागं एक वॉकर, औसा रस्त्याला दोन पलंग. रसूलभाई प्रत्येक घरी आधी चाकाला तेल द्यायचे, मग बोलायचे. मॅडम मोजत होत्या. चार घरांनंतर त्यांनी मोजायचं सोडलं आणि विचारपूस करायला लागल्या. मला जरा बरं वाटायला लागलं होतं. तेवढ्यात रसूलभाई म्हणाले, "आता किल्लारी."

कावेरीबाईंच्या दारात जीप थांबली. राजकन्यानं आतूनच विचारलं, कोण हाय? मी, सचिव ना, मोठ्यानं सांगितलं, "लातूरहून मॅडम आल्यात, तपासणीला."

आतून कावेरीबाईंचा आवाज आला, "राजकन्या, सतरंजी आंथर गं. पलंग न्यायला आले."

आम्ही आत गेलो तेव्हा त्या पलंगाची कड धरून अंग सरकवत होत्या. चेहरा घामानं भिजलेला. मॅडम धावल्या, खांद्याला धरून त्यांना थांबवलं. "आजी, कुठं उतरताय?"

"तपासणी हाय न्हवं? भूकंपापसून लई पाहणीवाले बगितले माय. ते आले की घर मोकळं करून दाखवावं लागतंय. मंग मिळतंय काय मिळायचं ते."

मॅडमनी रसूलभाईंकडे पाहिलं. रसूलभाई जमिनीकडे बघत होते. त्यांना माझं नाव सांगता आलं असतं. त्यांनी सांगितलं नाही.

मग मीच सांगितलं. टेम्पो, पहाट, सतरंजी, समाधानकारक, सगळं. "ही अक्कल माझी होती," मी म्हणालो. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती, आणि बोलून झाल्यावर इतकं हलकंही वाटलं नव्हतं.

मॅडम बराच वेळ पलंगाजवळ बसल्या. राजकन्यानं केलेला चहा प्यायल्या. निघताना म्हणाल्या, "काका, या नमुन्यात हे लिहायला रकानाच नाही. मी मागच्या पानावर लिहिते. पण पुढच्या महिन्यात लातूरला संस्थांची बैठक आहे, अनुदानाचे नियम बदलायचं चाललंय. दोघंही या."

त्या सहामाहीचं अनुदान आलं नाही. नियम तो नियम. रसूलभाईंनी भंगारातून दोन पलंग जोडून काढले, वीरण्णानं भाड्याला हातभार लावला आणि मी तक्रार न करता पंप मारायला शिकलो.

बैठकीसाठी मी सात पानी निवेदन लिहिलं. अलंकारिक होतं. लातूरला मोठा हॉल, प्रत्येक संस्थेचा बॅनर, फोटोंचे अल्बम. माझ्या निवेदनाचं दुसरं पान चालू असतानाच लोक पाणी प्यायला उठायला लागले. रसूलभाईंनी माझ्या शर्टाची बाही ओढून मला खाली बसवलं आणि स्वतः उभे राहिले.

"साहेब, मी सायकलवाला हाय. आमच्या खोलीत काय हाय ते नका विचारू. जे हाय ते खोलीत का हाय, ते विचारा."

आणि बसले. हॉलमध्ये आधी हशा झाला. मग पुढच्या रांगेतल्या साहेबांनी ते वाक्य लिहून घेतलं. माझी सात पानं अजून माझ्याकडेच आहेत.

फेब्रुवारीत नवा नमुना आला. सरकारी कागद चार महिन्यांत हलला म्हणून मी तो दोनदा उलटून पाहिला. पहिला प्रश्न होता, 'साहित्य सध्या कोणाकडे आहे?' आणि शेवटचा रकाना, 'केंद्रात पडून असलेले साहित्य व त्याचे कारण'. मी ठरवलं, त्या रकान्यात सुवाच्य अक्षरात 'निरंक' लिहायचं. तपासणीच्या आदल्या दिवशी खोली झाडून घेतली. कुबडीसुद्धा घरी नेऊन ठेवली.

तपासणीच्या सकाळी अकराला मॅडमची जीप आली आणि तिच्या मागोमाग किल्लारीचा एक टेम्पो. टेम्पोत पलंग.

"आज कशाला आणला?" मी जवळजवळ ओरडलो. "उद्या आणायचा की. एका दिवसाचा प्रश्न होता."

टेम्पो मुद्दाम चौकातच थांबवला होता. पुढच्या सीटवरून राजकन्या उतरली आणि तिच्या मागून, काठी टेकत, कावेरीबाई. दिवाळीनंतर त्यांचं ऑपरेशन झालं होतं हे आम्हाला माहीत होतं, पुढचं नव्हतं. राजकन्यानं हात पुढं केला तर त्यांनी तो बाजूला सारला. चौकापासून दारापर्यंत पन्नास-साठ पावलं असतील. जीपमधून उतरलेल्या मॅडम मध्येच थबकल्या. चौकातल्या सोडावाल्यानं बाटली फोडायची थांबवली. कावेरीबाई दोनदा दम खायला थांबल्या आणि दारात आल्या.

"हा घ्या बाबा तुमचा पलंग," त्या म्हणाल्या. "चहा ठिवा आता."

रसूलभाईंनी स्टो पेटवला. पाठ आमच्याकडे होती आणि चहाला नेहमीपेक्षा फार वेळ लागला. मला वाटलं, साखर शोधत असतील. साखर समोरच होती.

कावेरीबाईंनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि बशी पुन्हा तोंडाला लावली. टेम्पोवाल्यानं तोवर आत आणलेला पलंग खोलीच्या मधोमध उभा होता. मॅडमनी नमुना माझ्यापुढं सरकवला. "काका, शेवटचा रकाना राहिलाय."

"लिव्हा कारण," रसूलभाई म्हणाले.

साहित्य: लोखंडी पलंग, एक. पुढं कारणाच्या जागी मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं निवेदन लिहिलं: 'कावेरीबाई चालत आल्या.'