नॉर्मनचा तुकडा

हिल्डा थर्लवेल नवऱ्याबरोबर एका छपराखाली सुखाने नांदली, पण एका वाफ्यात तिचं त्याच्याशी कधी जमलं नाही. म्हणून इंग्लंडातल्या डरहॅमकडच्या त्या खाणवाल्या गावात, रेल्वेच्या रुळांमागे पालिकेने भाड्याने दिलेल्या मळ्यात दोघांचे तुकडे वेगळे. शेजारी शेजारी, मधे गूजबेरीची झुडपं. एका उन्हाळ्यात नवरा, नॉर्मन, वारला.

इथल्या मळेकऱ्यांना वेड लीकचं, म्हणजे कांद्याच्या पातीच्या थोराड भावाचं. कुणी गेलं की त्याचे लीक शेजारी वाढवतात आणि सप्टेंबरच्या प्रदर्शनात त्याच्याच नावाने मांडतात. नॉर्मनला त्या वर्षी दुसरं बक्षीस मिळालं. त्यानंतर मात्र वसंतापर्यंत त्या जमिनीत कुणी फावडं घालायचं नाही. जमिनीला सुतक असतं म्हणा ना. मळ्याची सेक्रेटरी हिल्डा, आणि हा रिवाज सगळ्यांत कडक पाळणारीही तीच.

नेमकं तेच अंगाशी आलं. पालिकेला ती जागा घरं बांधणाऱ्यांना विकायची होती. निम्मे तुकडे ओसाड पडलेत, असं पालिकेचं म्हणणं. खरंखोटं करायला सरकारी तपासनीस बाई नोव्हेंबरात येणार होत्या. त्या वर्षी म्हातारी माणसं एकामागून एक गेली होती आणि निम्म्या मळ्यात तण माजलं होतं.

"यंदापुरतं खणून टाकू या," हिल्डा सभेत म्हणाली.

"तू सांगतेस हे?" कबुतरवाला आर्थर हेस्लॉप उसळला. "माझ्या गेलेल्या भावाच्या जागेत माझा नुसता पाय पडला, तर महिनाभर तू मला चहा विचारला नव्हतास!"

"अरे बाबा, जमीनच गेली तर सुतक कुठे पाळशील? लोकांच्या गाड्यांखाली?"

"आधी तू घाल नॉर्मनच्या जागेत फावडं. मग आम्हाला शिकव."

ती गेली. फावडं मातीला टेकवलं, पण पाय काही दाबवेना. "मेलास तो मेलास, वर माझे हात बांधून गेलास," म्हणत ती तिथेच रडली.

तपासणीच्या सकाळी हाताला हात दिसेना असं धुकं. बाईंनी एकटीनेच फिरायचं, असा नियम. सगळे मळेकरी फाटकाशी उभे राहिले. बाई आत दिसेनाशा झाल्या, आणि थोड्या वेळाने धुक्यातून फावड्यांचा आवाज येऊ लागला. एक नव्हे, अनेक फावडी.

"आत कोण आहे गं?" आर्थरने हळूच विचारलं.

"कुणी नाही. सगळे इथेच आहेत."

आर्थरने टोपी काढली. मग एकेकाने काढली.

बाई चिखलाने माखून परत आल्या. "ओसाड कुठलं? सगळी जमीन खणलेली आहे. माणसं कामसू आहेत तुमची, पण मान वर करत नाहीत. गूजबेरीपलीकडचे एक गृहस्थ तेवढे बोलले."

"काय बोलले?"

"थंडी वाढलीय, मफलर नीट गुंडाळा, म्हणाले."

मळा वाचला. हिल्डा आत धावली. नॉर्मनचा तुकडा नुकताच उलथलेला, काळाभोर, आणि त्यावर पाऊल एकही नाही.

"संसार माझ्याशी केलास," ती धुक्याकडे बघून ओरडली, "आणि काळजी त्या परक्या बाईच्या मफलरची? मला एक शब्द नाही?"

मग दर धुक्याच्या सकाळी ती झुडपांशी येऊन बसायची. पलीकडे फावडं चालल्याचं ऐकू यायचं. ती उठली की थांबायचं. माणूस जिवंतपणी हट्टी तो हट्टीच. तिला भीती अशी वाटलीच नाही, रागच यायचा, आणि घरी परतताना फार एकटं वाटायचं.

वसंतात एक तरुण जोडपं तान्ह्या मुलीला घेऊन जागा मागायला आलं. बाकीचे तुकडे एव्हाना दिले गेले होते, मोकळा उरला होता तो नॉर्मनचा. हिल्डाने त्यांना दोनदा परत पाठवलं.

"ओसाड तुकडा म्हणजे पालिकेला आमंत्रण, हे आम्हाला कोण सांगत होतं?" आर्थरने विचारलं. आवाज मात्र मऊ होता.

तिसऱ्यांदा ते आले तेव्हा हिल्डाने नॉर्मनच्या तुकड्यावरच्या खोपटाची किल्ली त्या तरुण आईच्या हातात ठेवली.

"धुकं असेल त्या दिवशी जरा उशिरा या."

"का हो?"

"नवऱ्याशी माझं भांडण अजून मिटायचंय."