डोहातली पाणमांजरं

मासे धरायचा नाद मला सासऱ्यांनी लावला. मी वाढले शहरात, राजारामपुरीत; मासा बघितला तो बाजारातल्या पाटीतच. गारगोटीजवळ वेदगंगेच्या काठी सासरचं शेत. सून सासऱ्याबरोबर गळ घेऊन नदीवर जाते म्हणून गावातल्या बायका हसायच्या. मामा, म्हणजे सासरे, म्हणायचे, "हसू देत की. त्यास्नी कुठं मासा गावतोय."

नव्वद सालानंतरचा एक उन्हाळा. सकाळी आम्ही डोहाच्या काठाला बसलो होतो. माझ्या गळाला हातभर मरळ लागली. काठाजवळ ओढत आणली आणि दोरी एकदम जड झाली. पाण्यातून एक चपटं डोकं वर आलं. मिशा, बारके कान, डोळे थेट माझ्याकडे, आणि तोंडात माझी मरळ. मी ओढली, त्यानंही ओढली. झटका बसला आणि माझ्या दोरीला नुसतं मुंडकं राहिलं. ते जनावर पलीकडच्या खडकावर चढून उरलेला मासा दोन्ही पंजांत धरून खायला लागलं. मागून आणखी एक आलं, त्याच्यामागे शीळ घातल्यासारखी ओरडत तीन पिल्लं.

"पाणमांजरं हायत," मामा हळूच म्हणाले. "न्हानपणी बघितलेली. मला वाटलं सपली."

ऊन डोक्यावर येईपर्यंत आम्ही गळ टाकलाच नाही.

त्या दिवशी जेवताना मी ही हकीकत सगळ्यांना सांगितली. धाकटे दीर म्हणाले, "म्हंजे आपलं मासं तीच खात्यात की." मी हसले. मला वाटलं, चेष्टा करतायत.

आठवड्याभरानं दुपारी नदीकडून धडाका ऐकू आला. मामा आणि मी धावत गेलो. दीर आणि त्यांचे दोन मित्र कमरेइतक्या पाण्यात उभे राहून पोटं वर आलेले मासे पोत्यात भरत होते. विहिरीच्या सुरुंगासाठी आणलेलं जिलेटिन त्यांनी डोहात टाकलं होतं. दोन पिल्लं पाण्यावर तरंगत होती. तिसरं काठाला धापा टाकत होतं, नाकातून रक्त येत होतं. मी ते पदरात घेतलं आणि तिथंच ते गेलं. मोठी दोन कुठंच दिसली नाहीत.

"भावजी, हे काय केलंत?"

"मासं धरलं की वैनी. तुमी न्हाई व्हय धरत?"

गळाला एक मासा लागतो आणि बाकीचा डोह जिवंत राहतो, एवढं साधं तोंडातून निघालं नाही, याचा संताप आजही येतो.

त्या माशांना मी हात लावणार नाही, असं घरी सांगितलं. सासूबाईंनी कालवण केलं. नवरा म्हणाला, "जनावरापायी घरात तमाशा नको." निदान मामा तरी ताटावरून उठतील असं वाटलं. ते खाली मान घालून जेवले. काटे काढले, रस्सा पुन्हा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "मामा, तुम्ही कसं खाल्लंत?"

"पोरगा हाय माझा," ते म्हणाले. "त्यानं आणल्यालं ताटातनं कसं सारू?"

"मग उद्यापासून माझ्याबरोबर नदीवर येऊ नका."

ते आले नाहीत. मी दोन-चारदा एकटी गेले, मग मीही सोडलं. पुढं काही वर्षांनी मामा गेले. शेवटपर्यंत आमचं बोलणं होतं, भाजीचं, औषधाचं, नदीचं नाही. त्यांना तोडून बोलले याचं वाईट वाटतं. राग मात्र गेलेला नाही.

दोन हजार सालानंतर शेतावर शहरातले पाहुणे यायला लागले. एकदा मी चहा घेऊन बाहेर आले, तर दीर कौतुकानं सांगत होते, "पावणं, आमच्या डोहात पाणमांजरं होती. पिल्लंसुदीक."

"मग गेली कुठं?" पाहुण्यांनी विचारलं.

"गेली कुठंतरी."

"पिल्लं कुठं गेली नाहीत," मी म्हणाले. "भावजींनी जिलेटिन टाकून मारली."

मी सगळ्यांच्या हातात कप दिले. दीर त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी बोलत नव्हते. मीही बोलायला गेले नाही.