उताराला दाखवायचा कागद

आष्टीच्या फाट्यावर चहा पिताना तो भेटला. बाहेर त्याचा लांबलचक ट्रेलर उभा होता आणि त्यावर साखळ्यांनी जखडलेलं पोकलेन. तेलंगणात चालला होता.

मीही नुकतंच जुनं पोकलेन घेतलं होतं आणि मेव्हण्याच्या ट्रेलरवर घालून स्वतःच तिकडे नेणार होतो. मशीन माझं, ट्रेलर घरचा, मग माझं कारचं लायसन चालेलच की! तसं मी त्याला तोऱ्यात सांगितलं.

तो हसला नाही. नळावर कोपरापर्यंत हात धुतले, पुसले, मगच कागदांची पिशवी उघडली. हेवीचं लायसन, फिटनेस, विमा, परराज्याचं परमिट, जादा रुंदीच्या मालाची परवानगी. एकेक कागद तो बाकावर तळव्यानं सपाट करत होता.

“एवढं कोण बघतंय, चाचा?”

“पोलिसाला चुकवताल, साहेब. पर घाटात उतारावर हे वजन मागून ढकलून राह्यलं, मंग त्याला कोणता कागद दाखवताल?”

मेव्हण्याला लावायला काढलेला फोन मी खिशात ठेवला.

निघताना त्यानं प्रत्येक साखळी ओढून बघितली. पुढे रस्त्यावर केबलची तार लोंबत होती. जमिनीपासून मालाच्या माथ्याइतका उंच कापलेला बांबू उभा धरून तो तिच्याखालून चालत गेला, परत आला आणि ट्रेलर हलवला. तारेखालून वीतभर अंतर राखून ते अवाढव्य धूड सरकत गेलं.

तारेवर एक होला बसला होता. तो उडालासुद्धा नाही.