वसंता आणि कोयनेलची गोळी

मैत्रिणींनो, शाळेत दर शनिवारी सिस्टर एरंडेलाचा चमचा घेऊन यायच्या आणि आपण नाक दाबून रांगेत उभ्या राहायचो, आठवतं ना? आज इथे जळगावात मला ते फार आठवलं, म्हणून तुम्हा सगळ्यांसाठी हे फिरतं पत्र लिहायला बसले.

माझा नातू वसंता हिवतापाने फणफणलाय. पण चौकात विलायती कापडाची होळी पाहून आल्यापासून तो कोयनेलच्या कडू गोळीला हात लावत नाही.

"ती साहेबाची आहे, अक्का. मी देशासाठी मरेन."

"मग स्वराज्य आलेलं तुला कसं कळणार?"

"तू मागून वर येशील, तेव्हा सांग."

गोळी चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेवढ्यात शेजारची गोदी आली. ती वसंताहून थोडी मोठी, आळीतल्या बालसेनेची सेनापती.

"जेलमा काय जिलबी भेटस का रे? कडूच खानं पडस," ती म्हणाली.

"आणि तोंड वाकडं झालं तर?"

"मंग समजसूत, तू सरकारनी माफी मागी."

वसंताने गोळी चक्क चावून खाल्ली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तोंड अगदी सरळ.

या मुलांना स्वराज्य म्हणजे नेमकं काय दिसत असेल? तुमच्या घरातली मुलं काय म्हणतात, तेही या पत्रात लिहा आणि पुढच्या मैत्रिणीला पाठवा.

आता झोपण्यापूर्वी वसंताने मला सांगून ठेवलंय: तरीही मेलोच, तर भोवरा गोदीला द्यायचा आणि पेरू धाकट्या बहिणीला. मी झोपलेला असताना स्वराज्य आलं, तर माझा वाटा अक्काने झाकून ठेवायचा. तो धाकटीला द्यायचा नाही.